शाळेच्या ग्रंथालयातला हॅरी पॉटर आणि एका माळकरी पालकाचा अर्ज

पार्श्वभूमी

ही गोष्ट कोल्हापुरातल्या एका अनुदानित मराठी शाळेतली. मी तिथे ग्रंथपाल होते. शाळेचं नाव देत नाही, आणि माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून दोन-चार तपशील बदलले आहेत. घटनांचा क्रम मात्र जसा होता तसाच ठेवलाय.

सुरुवात ऑगस्ट २०१९ च्या पुरापासून करावी लागते. पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांच्या वर गेलं आणि आमचं ग्रंथालय तळमजल्यावर. पाणी ओसरल्यावर दार उघडलं, तर खालच्या तीन कप्प्यांतली पुस्तकं फुगून एकमेकांत अशी रुतली होती की शिपाईमामांनी पहार घालून कप्पाच फोडला. चांदोबाचे बांधीव अंक होते, ते पाव भिजल्यासारखे हातात आले. पुढचा महिनाभर मुलांच्या डब्यांच्या वासापेक्षा चिखलाचाच वास जास्त यायचा.

मग पुण्या-मुंबईहून मदतीची खोकी आली. धान्य, वह्या, चादरी, आणि पुस्तकं. त्यात इंग्रजी हॅरी पॉटरचे सातही भाग होते आणि मराठी अनुवादाचे पहिले दोन. रिकामी कपाटं बघवत नव्हती. आलेलं प्रत्येक पुस्तक मी दाखल रजिस्टरला चढवलं, शिक्का मारला आणि मांडणीत लावून टाकलं. एरवी नव्या पुस्तकांची यादी निवड समितीपुढे जायची. या वेळी समिती बोलावलीच नाही. दान आलेल्या पुस्तकांची कसली निवड, असं मला वाटलं. हा पहिला निर्णय, आणि तो निर्णय आहे हे तेव्हा लक्षातही आलं नव्हतं.

दिवाळीपर्यंत मराठीतलं ‘हॅरी पॉटर आणि परीस’ एकदाही कपाटात टिकलं नाही. ‘परीस’ हा शब्द मला फार आवडला होता. लोखंडाचं सोनं करणारा दगड आपल्याकडे आधीच होता, नवा घडवावा लागला नाही. मधल्या सुट्टीत फूटपट्ट्या, छत्रीच्या काड्या, अगदी शेवग्याची शेंगसुद्धा जादूची कांडी झाली होती. ‘विच’चं मराठी मुलांनी आपलं आपणच केलं, चेटकीण. त्याकडे मी तेव्हा गंमत म्हणून बघितलं.

अर्ज

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात सहावीतल्या एका मुलाचे वडील अर्ज घेऊन आले. उद्यमनगरात त्यांचं छोटं लेथ वर्कशॉप. गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर नाही जमलं तर कोल्हापूरजवळच्या नंदवाळची दिंडी चुकवत नाहीत असे. अर्जावर त्यांच्यासह चौदा पालकांच्या सह्या. सोबत व्हॉट्सअॅपवर फिरलेल्या एका मजकुराची छापील प्रत.

अर्जात तीन मुद्दे होते. ही पुस्तकं जादूटोणा शिकवतात. ही हिंदू संस्कारांच्या विरोधात असून ख्रिस्ती धर्माचा प्रचार करतात. आणि महाराष्ट्रात जादूटोणाविरोधी कायदा असताना अशी पुस्तकं शाळेत ठेवणं हा गुन्हा आहे. सोबतच्या छापील मजकुरात मात्र अमेरिकेतल्या ख्रिस्ती धर्मगुरूंनीच ही पुस्तकं सैतानी ठरवल्याचं लिहिलं होतं. म्हणजे वरच्या कागदानुसार पुस्तक ख्रिस्ती प्रचाराचं आणि खालच्या कागदानुसार ख्रिस्ती लोकांनाच नको असलेलं. मुख्याध्यापकांना मी हे हसत हसत दाखवलं. ते हसले नाहीत. त्यांच्या टेबलावर अजून पूरनुकसानीचे पंचनामे पडलेले होते.

‘‘मॅडम, चार दिवस कपाटात ठेवा. वातावरण निवळू दे,’’ ते म्हणाले. नऊ पुस्तकं कुलुपात गेली. ते चार दिवस सतरा दिवसांचे झाले.

मजकुरातलं खरं-खोटं

आधी तो छापील मजकूर तपासला. सगळा खोटा नव्हता. त्याच वर्षी अमेरिकेत नॅशव्हिलच्या एका कॅथलिक शाळेने ही पुस्तकं ग्रंथालयातून काढली होती. तिथल्या पाद्रींनी पालकांना कळवलं होतं की पुस्तकांतले मंत्र खरे आहेत, आणि याबाबत आपण भूत उतरवणाऱ्या पाद्रींचा सल्ला घेतलाय. त्याच वर्षी मार्चमध्ये पोलंडमध्ये काही कॅथलिक पाद्रींनी इतर वस्तूंबरोबर ही पुस्तकंही जाळली होती, आणि टीका झाल्यावर माफी मागितली होती.

प्रकार जुनाच होता. पहिला भाग १९९७ सालचा, सातवा २००७ चा. २००१ च्या डिसेंबरमध्ये न्यू मेक्सिकोतल्या एका चर्चने या पुस्तकांची होळी केली. २००२ मध्ये संयुक्त अरब अमिरातीत खासगी शाळांतून ती काढायला लावली गेली. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेच्या यादीत २००० ते २००९ या दशकात सर्वाधिक हरकती याच मालिकेवर होत्या. ख्रिस्ती हरकतीचा आधार बहुतेकदा बायबलातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकाच्या १८ व्या अध्यायाचा असतो. शकुन पाहणारा, मंत्र घालणारा, मेलेल्यांना विचारणारा तुमच्यात नसावा, असं तिथे म्हटलंय. उलट बाजूही आहे. सातव्या भागात हॅरीच्या आईवडिलांच्या थडग्यावर कोरलेली ओळ बायबलातलीच आहे, करिंथकरांस पहिल्या पत्रातली: शेवटचा शत्रू जो नाहीसा केला जाईल, तो मृत्यू.

कायद्याचा मुद्दा मला सगळ्यात कच्चा वाटला. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा खून झाला, त्यानंतर काही दिवसांतच वटहुकूम निघाला आणि डिसेंबरमध्ये कायदा झाला. त्याला एक अनुसूची जोडलेली आहे आणि बंदी त्या अनुसूचीतल्या ठरावीक कृत्यांना आहे. भूत उतरवण्याच्या नावाखाली मारहाण, चमत्काराचा दावा करून लुबाडणं, अमुक व्यक्ती करणी करते असं भासवून तिचं जगणं मुश्किल करणं, अशी ती कृत्यं. शिक्षा सहा महिने ते सात वर्षं. कीर्तन, प्रवचन, हरिपाठ, होऊन गेलेल्या संतांच्या चमत्कारांबद्दलचं साहित्य यांना कायदा हात लावत नाही. कथाकादंबऱ्यांचा तर प्रश्नच नाही. हे सगळं टिपून मी खुशीत होते. अनुसूचीतल्या त्या करणीच्या कलमापाशी मी जरा थांबायला हवं होतं. ते पुढे येईल.

समोर असलेले पर्याय

पुस्तकं काढून टाकणं सोपं होतं. दान आलेली, एक रुपया खर्च नाही, हिशेबतपासणीला उत्तर द्यायचं नाही. पण चौदा सह्यांनी नऊ पुस्तकं गेली तर उद्या पाच सह्यांनी काय जाईल? आमच्याच कपाटात वेताळाच्या गोष्टी होत्या, अरबी सुरस कथा होत्या, नाथमाधवांचा ‘वीरधवल’ होता.

अर्ज फेटाळून पुस्तकं तशीच ठेवणं मला मनातून आवडलं असतं. मुख्याध्यापकांना ते परवडणारं नव्हतं. गावात पोरांची संख्या घटतेय, तुकडी टिकवायची तर पालक हवेत, हे त्यांचं गणित मी नाकारू शकत नव्हते.

तिसरा पर्याय संस्थेच्या एका संचालकांनी सुचवला: ज्याला हवं त्याने आईवडिलांच्या सहीचं संमतिपत्र आणावं. हा सगळ्यांना मध्यममार्ग वाटला. मला नाही वाटला, आणि त्याला कारण होतं. अमेरिकेत आर्कान्सामधल्या सीडरव्हिल इथे शाळा मंडळाने ३ विरुद्ध २ मतांनी नेमकं हेच केलं होतं. पुस्तक मागच्या बाजूला, संमती दाखवली तरच हातात. एका मुलीच्या आईवडिलांनी कोर्टात धाव घेतली. त्यांची स्वतःची संमती होती, तरीही. २००३ मध्ये न्यायालयाने पुस्तकं पुन्हा मांडणीत ठेवायला सांगितलं. जे पुस्तक मागताना मुलाला चिठ्ठी दाखवावी लागते, त्या पुस्तकाला आणि ते मागणाऱ्या मुलाला डाग लागतोच, असा त्यामागचा विचार. तिथला निकाल इथे लागू नाही हे उघड आहे. पण कोल्हापुरातली पोरगी असो की आर्कान्सातली, चारचौघांत चिठ्ठी काढताना मान खालीच जाते.

राहिला चौथा: पुस्तकं उघड्या कपाटात, पण ज्या पालकाला आपल्या मुलाने ती वाचू नयेत असं वाटतं त्याने तसं लिहून द्यावं. स्वतःच्या मुलापुरतं, दुसऱ्याच्या मुलाबद्दल नाही.

पहिली बैठक, आणि माझी चूक

पहिल्या बैठकीला मी ‘नवनाथ भक्तिसार’ घेऊन गेले. मालू कवीची १८१९ सालची पोथी, चाळीस अध्याय. चिखलाचा पुतळा करताना गोरक्षनाथांच्या तोंडी संजीवनी मंत्र येतो आणि पुतळ्यातून गहिनीनाथ उभे राहतात, तो भाग मी खूण घालून ठेवला होता. विभूतीची चिमूट, अस्त्रं, वेताळाची भुतावळ. ‘‘घरोघरी श्रावणात ही पोथी लागते. मग एका इंग्रज पोराच्या काडीची एवढी भीती का?’’ असं मी विचारलं. मला वाटलं, आता बोलती बंद.

ते वडील शांतपणे म्हणाले, ‘‘ती पोथी आमच्यात लावत न्हाईत, मॅडम.’’

आणि मग तुकोबांचं चरण म्हणाले: ‘‘नवसें कन्यापुत्र होती । तरि कां करणें लागे पती.’’

माझ्या डोक्यात ‘धार्मिक पालक’ असं एकच खोकं होतं आणि त्यात मी त्यांना कोंबलं होतं. नाथपंथी पोथी लावणारं घर वेगळं, वारकऱ्याचं घर वेगळं, हे इथे वाढलेल्या मला कुणी शिकवायला नको होतं. बैठक तिथेच विस्कटली. चौदातल्या दोन आया मागून म्हणाल्या की पुस्तक काढायचं की नाही ते तुम्ही ठरवा, आम्हाला आधी सांगितलं असतं तर सहीच केली नसती. कुणी तरी नाक्यावर कागद पुढे केला होता.

आणखी दोन माणसांचं म्हणणं महत्त्वाचं ठरलं. आमच्याच एक शिक्षिका ख्रिस्ती. कोल्हापुरात मिशनचं काम १८५२ पासूनचं, त्यांचं घर पिढ्यान्‌पिढ्या इथलंच. अर्जावर त्यांची सही नव्हती, पण धर्माच्या दृष्टीने खरी हरकत त्यांचीच होती. ‘‘माझ्या मुलीने हे वाचलेलं मला चालणार नाही. बाकीच्यांनी काय वाचावं, हे मी कोण सांगणार?’’ चौथा पर्याय माझ्या मनात पक्का झाला तो या वाक्यामुळे.

दुसरे एक पालक अंधश्रद्धा निर्मूलनाच्या कामातले. त्यांनाही पुस्तकं नको होती, अगदी उलट कारणाने: आम्ही गावोगाव लिंबू कापून त्यातून रक्त कसं येतं ते पोरांना उलगडून दाखवायचं आणि शाळेने काडीने दार उघडतं असं वाचायला द्यायचं? ज्या शहरात फेब्रुवारी २०१५ मध्ये गोविंद पानसरेंवर सकाळच्या वेळी गोळ्या झाडल्या गेल्या, तिथे या माणसाचं बोलणं कुणी उडवून लावणार नव्हतं. त्यांनी चमत्कारांच्या प्रयोगांचा कार्यक्रम शाळेत घ्यायची तयारी दाखवली. मी नको म्हटलं. दोन बाजूंचं व्यासपीठ होईल अशी भीती वाटली.

वाचून बोलायचं ठरलं

बैठकीतून निघालेली एकच चांगली गोष्ट: पुढच्या वेळी येताना चौघांनी पहिला भाग वाचून यायचं. मी, त्या शिक्षिका, ते कार्यकर्ते आणि अर्जदार वडील. मराठी प्रत कुलुपातून काढून मी वडिलांकडे दिली. ती वर्कशॉपात गेली. परत आली तेव्हा शंभराव्या पानाच्या आसपास ग्रीसचा अंगठा उमटलेला होता.

त्यांनी पूर्ण वाचलं नव्हतं, निम्म्याच्या वर वाचलं होतं. जादू शिकवतात वगैरे मुद्दा त्यांनी स्वतःच सोडून दिला. ‘‘असं शिकून काय येत न्हाई, ते कळतंय.’’ पण दुसरं बोलले: ‘‘यात देवच कुठं न्हाई. मंत्र हाय, पण कुणाच्या नावानं? ताकद कुठनं येती, कुणी ईचारतच न्हाई. आमच्यात नाम घेतल्याबिगर काय न्हाई.’’

या पुस्तकांवरच्या धार्मिक हरकती मी तोवर बऱ्याच वाचल्या होत्या. त्यातली ही सर्वांत विचार करून केलेली होती, आणि ती अर्जात नव्हती.

उठताना पायऱ्यांवर त्यांनी खरी गोष्ट सांगितली. तीस वर्षांपूर्वी त्यांच्या गावात भावकीतलं एक लहान मूल दगावलं आणि बोट त्यांच्या आईकडे गेलं. करणी केली म्हणून. विहिरीवर पाणी भरू देईनात. शेवटी सगळं आवरून ते कुटुंब कोल्हापुरात आलं. नोव्हेंबरमध्ये एका संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसली होती. नातू फूटपट्टी घेऊन आला आणि म्हणाला, ‘‘आजी, तू चेटकीण हो, मी मंत्र टाकतो.’’ तिने सूप खाली ठेवलं, आत गेली आणि दोन दिवस नीट जेवली नाही. नातवाला काहीच माहीत नव्हतं. त्याला सांगावं तरी काय?

इंग्रजीतली ती टोपीवाली बाई आमच्या भाषेत येताना एकटी आली नव्हती. करणीचं जे कलम मी अर्जाविरुद्धचा पुरावा म्हणून टिपलं होतं, ते अशाच बायकांसाठी कायद्यात घातलेलं आहे.

काय ठरलं

जानेवारीत पुस्तकं मांडणीत परत आली, पाचवी ते दहावीसाठी. हरकत असलेल्या पालकांनी आपल्या मुलापुरती चिठ्ठी द्यायची. चिठ्ठ्या माझ्या खणात राहतील, काउंटरवर यादी लागणार नाही, आणि मूल पुस्तक घेऊन आलं तर बाकीच्यांसमोर काही न बोलता दुसरं सुचवायचं. तीन चिठ्ठ्या आल्या. एक त्या शिक्षिकेची, एक या वडिलांची. उरलेल्या सह्यांतून फक्त एक. दान आलेली पुस्तकंही यापुढे समितीपुढे जातील असा ठराव झाला.

वाचनाच्या तासाला मी सहावी-सातवीबरोबर तीन शब्द घेतले: चेटकीण, करणी, भानामती. कुणाला म्हणतात, कोण म्हणतं, पुढे त्या बाईचं काय होतं. नाव-गाव काहीही न घेता. वर्ग एरवीपेक्षा शांत होता. एक मुलगी म्हणाली की गोष्टीत पुरुष जादूगार असतात, गावात मात्र बाईच सापडते. फूटपट्ट्या मधल्या सुट्टीत चालूच राहिल्या, पण तो शब्द कमी ऐकू यायला लागला. तो पूर्ण गेला असं म्हणणार नाही.

काय वेगळं करता आलं असतं

कुलूप लावायला नको होतं. त्या सतरा दिवसांत पुस्तकाचा भाव वाढला. एकाने घरून मोबाईलवर पानं आणली, आठवीतल्या एकाने आपली प्रत दोन रुपये रोजाने फिरवली. तक्रार आल्यापासून निकाल लागेपर्यंत पुस्तक जागेवरच राहील, एवढी एक ओळ आधीच लिहून ठेवलेली असती तर मुख्याध्यापकांनाही त्या ओळीमागे उभं राहता आलं असतं.

अर्ज घेताना आपलं म्हणणं मांडण्याआधी दोन प्रश्न विचारायला हवे होते: पुस्तकात काय वाचलंत, आणि घरी काय घडलं? दुसरा प्रश्न मी कधीच विचारला नाही. ते पायऱ्यांवर आपणहून बोलले. बोलले नसते तर मी आजही त्या अर्जाची गंमत म्हणून गोष्ट सांगत असते.

कार्यकर्त्या पालकांना नको म्हटलं, तेही आज पटत नाही. लिंबाचा प्रयोग आणि शब्दांचा तास एकाच आठवड्यात घेता आला असता.

एका बाबतीत मला अजून उत्तर सापडलेलं नाही. चिठ्ठी दिलेल्या त्या वडिलांचा मुलगा मित्राच्या खांद्यावरून तेच पुस्तक वाचत असे. खिडकीजवळच्या बाकावर, पान उलटायच्या आधी मित्र त्याच्याकडे बघायचा, झालं का म्हणून. मी पाहिलं, आणि गप्प राहिले. मी पुस्तक दिलं नव्हतं, म्हणजे शब्द पाळला होता. पण वडिलांना जे हवं होतं ते झालं नव्हतं, हेही मला ठाऊक होतं. काही ग्रंथपाल मैत्रिणी म्हणतात बरोबर केलंस. एक म्हणते, मग चिठ्ठी घेतलीसच कशाला?

पुढे

मार्च २०२० च्या मध्यात शाळा बंद झाल्या तेव्हा नऊपैकी सहा पुस्तकं मुलांच्या घरी होती. जानेवारी २०२१ च्या शेवटी पाचवी ते आठवीचे वर्ग उघडले, पाच परत आली. चौथा भाग अजून यायचाय, रजिस्टरला लाल शाईत आहे.

ते वडील फी भरायला आले होते. मास्क खाली करून विचारलं, ‘‘मॅडम, ती चिठ्ठी हाय न्हवं अजून?’’

‘‘आहे.’’

‘‘असू दे,’’ म्हणाले, आणि आई बरी आहे का विचारल्यावर म्हणाले की ती आता नातवाकडून हरिपाठ वाचून घेते, डोळ्याला दिसत नाही म्हणून.